मोरचुदी रंगाची सीट

सायकल दुरुस्त होऊन, रंगून घरी आली तेव्हा तिच्यात फक्त सीट नव्हती. इंदापुरातल्या घराच्या व्हरांड्यात मी ती भिंतीला टेकवून ठेवली. सकाळच्या उन्हात तिचा रंग असा उठून दिसायला लागला, की समोरच्या वहिनी हातातला खराटा तसाच धरून फाटकातून आत आल्या. सायकलीभोवती त्यांनी एक चक्कर मारली, खाली वळलेल्या हॅन्डलला हात लावून पाहिला आणि सीटच्या जागी असलेल्या उघड्या नळीत डोकावून म्हणाल्या, "सगळं झ्याक हाय ओ मॅडम. पर बसायचं कुठं?"

त्या हसल्या, मीही हसले. त्या गेल्यावर मात्र मी आतून एक फडकं आणलं, त्याचा बोळा केला आणि नळीच्या तोंडात घट्ट कोंबला. वारा सुटायच्या आत ते तोंड बंद झालेलं बरं, असं वाटलं.

सायकल माझ्या धाकट्या काकाची. कॉलेजातली नोकरी संपवून मी घरी बसले आणि इतकी वर्षं मुकाट राहिलेल्या गुडघ्यांना वाचा फुटली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. इंदापुरात पहाटे हायवेच्या कडेनं सायकली घेऊन जाणारी एक टोळी आहे, तीत मी घुसले. सगळी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची माणसं. त्यांच्या सायकली करंगळीवर उचलता येतील अशा, आणि गप्पा मात्र जुन्या, लोखंडी रेसर सायकलींच्या. तशी एखादी कुठं मिळाली तर सोडू नका मॅडम, असं एकजण म्हणाला तेव्हा मी खाली वाकून टायरची हवा बघायला लागले. कारण मला माहीत होतं, तशी एक कुठं आहे ते. भवानीनगरला, काकूच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, सरपणाच्या मागं, पोत्याखाली.

काकानं ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होती. बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगासारखं हॅन्डल वळलेली, ना कॅरिअर, ना घंटी, ना स्टँड. आजीनं पहिल्या दिवशी तिच्याकडं पाहून विचारलं होतं, "आरं, बाकीची सायकल कवा येनार हाय?" रंग मात्र असा, की आजीलाही दुसऱ्यांदा वळून बघावं लागलं. मोरचुदी. डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेवर फवारतात त्या मोरचुदाचा खडा ज्यानं हातात घेतलाय, त्याला वेगळं सांगायला नको. निळा म्हणावा तर त्यात हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा, आणि विषारी वस्तू इतकी देखणी का असावी, हे कोडं कायमचं.

भवानीनगरला आमचं सगळं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. हंगाम सुरू झाला की दोरीवरच्या धुण्यावर काजळीचे बारीक तुकडे पडायचे आणि चिमटीत धरावेत तर तिथंच त्यांचा काळा डाग व्हायचा. हवेला गोड वास. तो पहिले दिवस बरा वाटायचा, मग पोटात ढवळायचा, मग नाकाला कळेनासा व्हायचा आणि हंगाम संपल्यावर अचानक चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपायची म्हणून आम्ही पोरं दबक्या आवाजात भांडायला शिकलो होतो. रस्त्यानं ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्या रांगेच्या कडेनं, ऊस हिसकणाऱ्या पोरांना चुकवत, वाकून बसलेला काका. तो वर्कशॉपात फिटर होता. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा, आणि आंघोळ करून आला तरी तो वास कानामागं थोडा उरायचा.

सायकलीला कुलूप नव्हतं. काकाला कुलूप आवडायचं नाही, इतक्या देखण्या सायकलीला साखळदंड कशाला म्हणायचा. त्यानं वर्कशॉपात एक पाकळ्यांचा नट बनवला, हातानं फिरवला की सुटणारा. कुठंही उतरला की नट फिरवायचा, सीट नळीसकट वर ओढून काढायची, काखेत मारायची आणि चालू लागायचं. बिनसीटच्या सायकलीवर कोण बसून पळणार! हॉटेलात चहाच्या कपाशेजारी सीट. लग्नाच्या पंगतीत मांडीशेजारी सीट. विहारात वंदनेला बसला की बाहेर चपलांच्या ओळीत त्याच्या चपला, आणि चपलांना जोडून सीट. भवानीनगरात त्याचं नावच पडलं होतं, सीटराव. "सीटराव, जयभीम! आज मालकीणबाई काखेत का?" असं कुणी म्हणालं की तो सीट उचलून दाखवायचा आणि हसायचा.

ती सीट काकूनं शिवली होती. आली तेव्हा सायकलीला काळी, फाटकी सीट होती. काकू नुकती लग्न होऊन आली होती आणि माहेरचं शिलाई मशीन तिच्याबरोबर आलं होतं. काकानं बारामतीहून रेक्झिनचा तुकडा शोधून आणला, सायकलीच्या रंगाला अगदी मिळता. कुठून, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकूनं त्याचं कव्हर शिवलं, अर्ध्यावर निळा दोरा संपला म्हणून पुढची अर्धी बाजू पांढऱ्या दोऱ्यानं. आजी म्हणाली, उसवून नीट कर. काका म्हणाला, "ऱ्हाऊ दी. आता हिच्यासारखी दुसरी न्हाय." दोघं एकमेकांकडं बघून हसली. मला त्या वयात त्या हसण्याचा राग आला होता, कारण त्यात मला कुणी घेतलं नव्हतं.

जयंतीला सायकलीचा थाट असायचा. काका सीट काढायचा आणि त्या नळीत निळ्या झेंड्याची काठी उभी करायचा. काठी अशी फिट बसायची की सायकल झेंड्यासाठीच बनवलीय असं वाटावं. पांढरा शुभ्र शर्ट घालून, एका हातानं सायकल धरून तो मिरवणुकीच्या पुढं चालायचा. दुसऱ्या काखेत अर्थात सीट. गुलाल नव्हता आमच्यात, पण निळी पूड असायची, आणि संध्याकाळी काकाच्या भुवया निळ्या झालेल्या असायच्या. घरी आला की सीट माझ्या हातात द्यायचा. "हिला आत ठिव. सायकल ऱ्हाऊ दी भाईर." मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून आत न्यायची. तिला रेक्झिनचा, घामाचा, मळीचा असा मिसळलेला वास होता. सीट खुंटीखाली दिसली की काका घरात आहे, हे आम्हाला न विचारता कळायचं.

उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटायचं. कोरड्या पडलेल्या कालव्यात आम्ही पोरं आठवडेच्या आठवडे हुंदडलेली असायचो. गाळातले शिंपले, तुटक्या चपला, कुणाकुणाच्या पडलेल्या बादल्या, सगळं ओळखीचं. मग एका सकाळी लांबून घोंघों असा आवाज यायचा आणि मोठी माणसं म्हणायची, पाणी आलं, आता तिकडं फिरकायचं नाही. पिंपळीकडून भवानीनगरकडं यायचं पाणी. पुढ्यात काटक्या, फेस, मेलेला एखादा साप घेऊन यायचं, आणि मागून नुसतं गढूळ, जाड, न बोलता वाहत राहायचं. वास थंड मातीचा. वरून पाहिलं तर वाटायचं, हळू चाललंय. त्यात काठी टाकली की कळायचं.

एका उन्हाळ्यात काका बोलेनासा झाला. का, ते मला माहीत नाही. मोठ्यांना माहीत असेल तर त्यांनी ते आपल्याबरोबर नेलं. जेवताना तो भाकरी मोडायचा आणि तुकडे तसेच ताटात ठेवून उठायचा. सायकल पुसायचा मात्र रोज. आरे चमकेपर्यंत पुसायचा आणि पुसून झाल्यावर तिच्याकडं न बघता आत यायचा. सीट काढायला एकदाही विसरला नाही. मी ती आत नेऊन ठेवायची, आणि तो तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसायचा. काकू मशीनवर बसल्याबसल्या त्याच्याकडं बघायची, आणि तिचं पायडल थांबायचं.

मग एक दिवस सायकल दोन माणसांनी ढकलत घरी आणली. पिंपळीच्या पुलाला टेकून उभी होती म्हणाले. तिला सीट नव्हती. नंतर, भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या गेटाला काका सापडला. पाण्यानंच त्याला घराकडं आणून सोडलं होतं.

आमच्या अंगणात माणसं जमली आणि कुजबुजायला लागली. त्या कुजबुजीत एक शब्द होता, जो कुणी पूर्ण उच्चारत नव्हतं. आजी जमिनीवर डोकं आपटत होती. तेव्हा काकू उठली. सायकलीपाशी गेली, त्या उघड्या नळीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सीट कुठं हाय? सीट त्येंनी काढून घेतली. काखेत हुती. कुलूप लावनारा मानूस परत यायचा आसतो. सीट काखेत घिऊन कोन जीव द्याया जातंय का? हातपाय धुवाया उतरलं, पाय घसरला, सीट पान्यात गेली. दुसरं काय न्हाय."

आजीनं डोकं आपटायचं थांबवलं. सीटरावाला सगळं गाव ओळखत होतं आणि काकूचं म्हणणं बिनतोड होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात काका पाय घसरून गेला. आजी हेच म्हणत म्हातारी झाली आणि हेच मानून गेली. माझे वडील हेच सांगत आले. काकूनं मशीनवर कपडे शिवून पदरातल्या लहान लेकीला वाढवलं, शिकवलं, तिलाही हेच सांगितलं, आणि तिच्या लग्नात कुणी खवचटपणे वडलांचा विषय काढला तेव्हाही मान वर करून हेच सांगितलं. त्या घराचं छप्पर त्या एका गोष्टीवर उभं होतं. सीट सायकलीवर नव्हती.

सायकल मागच्या खोलीत गेली. पण उन्हाळी वावटळ सुटली की पत्र्याच्या फटीतून वारा आत शिरायचा आणि त्या उघड्या नळीच्या तोंडावरून जाताना हूं असा आवाज यायचा. खोल, माणसानं हुंकार द्यावा तसा. मी घाबरून आजीच्या पदरात शिरायची. एकदा तो आवाज सुरू झाला आणि काकू शिवता शिवता उठली, रेक्झिनचा उरलेला तुकडा घेऊन मागं गेली. पुन्हा कधी आवाज आला नाही. इंदापूरच्या मिस्त्रीनं सायकल खोलली तेव्हा तो तुकडा नळीतून निघाला, उंदरांनी कुरतडून चाळण झालेला. "रंग जुळवायला हे नेऊ का?" तो म्हणाला. बोट लावलं तर त्याचा भुगा झाला.

मी सायकल न्यायला गेले तेव्हा काकू नाही म्हणाली नाही. उलट पोतं तिनं स्वतः बाजूला केलं. "चालव बाई. गंजून काय उपेग?" मी म्हटलं, काकू, पुन्हा तोच रंग देणार आहे, आणि सीटपण तशीच करून घेणार, मोरचुदी. ती सरपणाची एक ढलपी उचलून दुसरीकडं ठेवत म्हणाली, "रंग दे. सीट काळी बसव कुठलीबी."

"काळी कशाला? रंगाला रंग नको?"

"काळी मळत न्हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची काटकसर. आणि मी कुणाचं ऐकतेय म्हणा. रंगाच्या बाबतीत तर मी लग्नाच्या शालूलाही आईचं ऐकलं नव्हतं. काकू मात्र दर फोनला विचारायला लागली. आधी गुडघे कसे, मग ऊन किती, आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, "बसावली का काळी?" अजून नाही म्हटलं की ती फोन ठेवायचा सोडून पुन्हा गुडघ्यांवर यायची.

इंदापुरात मी सगळी दुकानं पालथी घातली. बाजारातल्या सायकलवाल्यानं काळी दाखवली, लाल दाखवली, वर स्पंजचं कव्हर फुकट देतो म्हणाला. सायकल टोळीतल्या पोरांनी मोबाइलवर परदेशातल्या सीटा दाखवल्या. त्यातली निळी शाळेच्या गणवेशाची निळी होती आणि हिरवी एसटीच्या सीटची हिरवी. शेवटी कुणीतरी बारामतीच्या रफिकचं नाव सांगितलं. ट्रॅक्टर आणि बुलेटच्या सीटा शिवतो, हवा तो रंग आणून देतो. मी त्याला फोनवर सांगितलं, नवीन सीट पाठवते, तिला मोरचुदी कव्हर हवंय. तो म्हणाला, "मोरचुदी न्हवं? काय काळजी करू नका."

मी आणायला गेले तर त्यानं सीट पुढं ठेवली. फिकट, पांढुरकी, आकाशी रंगाची.

"हा कुठला रंग रे?"

"मोरचुदी."

"अरे, मोरचुदाचा खडा पाहिलायस का कधी?"

"खडा आमाला कुठं दिसतुय मॅडम?" रफिक म्हणाला. "बागायतदारांचे ट्रॅक्टर येत्यात हितं. फवारनी करून करून सीटवर मोरचूद आन् चुना उडून वाळलेला आसतुय. आमी त्योच बघतो. माझ्या हिशेबानं मोरचुदी ह्योच. तुमी आधी सांगायचं ना, खड्याचा का फवारलेला!"

मला हसू आवरेना. तोही हसला. खड्याचा रंग दाखवायला मी मोबाइलवरचा सायकलीचा फोटो काढून त्याच्यापुढं धरला. तो हसायचा थांबला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो रंग म्या बघितलाय. मागं पिंपळीचा एकजण आसलीच सीट घिऊन आलता, अशीच आरुंद. पोरीच्या सायकलला बसंल का म्हनला. नळीच बसत न्हवती. घरच्या शिलाईगत दिसत हुती, अर्धी पांढऱ्या दोऱ्यानं."

दुकानात शिलाई मशीन चालू होतं, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मला ते सगळं लांब गेल्यासारखं झालं. रफिकनं पत्ता सांगितला, बबनराव, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावतात, पुलाच्या अलीकडं. मी पत्ता विचारला नव्हता. तिथून सरळ इंदापूरला निघून यावं असं मनात आलं. काकूच्या आवाजातलं "बसावली का काळी" तेव्हा कुठं मला नीट ऐकू आलं. पण गाडी पिंपळीला वळली, आणि वळवणारी मीच होते.

बबनराव साठीचे, साधे, बोलके. बाईमाणूस दारात आलं म्हणून त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला. मी सीटबद्दल विचारलं तर ते माळ्यावर चढले आणि खताच्या जुन्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू घेऊन उतरले. त्यांनी पिशवी सोडली. पुलाखालून जाणाऱ्या पाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता.

रंग जसाच्या तसा होता. इतक्या वर्षांत उन्हाचं तोंड न पाहिलेला, खड्याचा, ओला वाटावा असा मोरचुदी. अर्धी शिवण निळी, अर्धी पांढरी. खाली नळी, नळीला पाकळ्यांचा नट.

"आमचा तात्या, म्हंजी माझा बाप, हितं कॅनॉलवर पाटकरी हुता," बबनराव सांगायला लागले. कालव्याचं पाणी कुणाच्या रानाला कधी सोडायचं आणि कुणी चोरून घेतंय का, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. "तात्याची एक रीत हुती. कुनी चोरून पानी घेतलं तर भांडायचा न्हाय. बांधावरचं त्येचं खोरं तेवढं उचलायचा आन् घरी आनायचा. खोऱ्याबिगर मानूस काय करतुय? आपसूक दारात येतुय, हात जोडतुय. आमच्या वसरीला कायम कुनाकुनाची खोरी उभी. तर त्या दिवशी दिस उगवायला तात्या पुलावर गेला, तर सायकल टेकून उभी. मानूस न्हाय. लई हाका मारल्या. मग म्हनला, एवढी चांगली सायकल, कुनीबी बसून न्हील. म्हनून सीट काढून आनली. मालक यील मागायला, मंग त्येला चार शिव्या दिऊ, सायकल आशी टाकून जातुय व्हय म्हनून. वाट बघत बसला. मालक आलाच न्हाय."

"सीट सायकलीवर होती?" मी विचारलं.

"मग कुठं आसनार?" बबनराव म्हणाले. "सायकलवरच की."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, थोडं बुचकळ्यात पडून.

"मागनं खालतीकडं मढं घावलं म्हनल्यावर तात्या भ्याला. म्हनला, आता ही वस्तू घिऊन गेलो तर माझ्यावरच यायचं. पर त्येच्या जिवाला लागलं हुतं. मरंस्तवर म्हनायचा, दुसऱ्याची हाय, इकू नगा. पोरीच्या सायकलला बघत हुतो ते म्या, तात्या गेल्यावर. तुमी त्यांच्या कोन?"

"पुतणी."

"घरची मालकीन हाय का?"

"काकू आहे."

"मग न्या," ते म्हणाले, आणि त्यांनी सीट पुसून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "काकूंना सांगा, आमच्या तात्यानं चोरली न्हाय. राखली."

चांगल्या माणसाचा असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. चोर असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मी सीट घेतली, चहा प्यायले, शेडनेटमधली मिरची पाहिली, छान आहे म्हणाले. त्यांनी पिशवीभर मिरच्या दिल्या, त्याही घेतल्या. आजी आजारी असताना, पावसापाण्यात, घाईत, तापात, काका सीट काढायला कधी विसरला नव्हता. त्या दिवशी त्यानं ती ठेवली, कारण सायकल परत लागणार नव्हती. यात उलगडण्यासारखं काही उरलं नव्हतं. बारामती-इंदापूर रस्त्यानं परत येताना कालवा कधी उसाआड जायचा, कधी अगदी शेजारी यायचा, माझ्याच दिशेनं वाहत. भवानीनगर आलं तेव्हा मी गाडीचा वेग वाढवला आणि काकूच्या घराकडं जाणाऱ्या वळणाकडं बघितलंही नाही.

सीट मी कपाटात ठेवली, साड्यांच्या मागं, खताच्या पिशवीसकट. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन काळी सीट आणली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, एवढं करून काळी?" मी म्हटलं, काळी मळत नाही.

काकूला सायकल बघायची होती. मी ती चालवतच भवानीनगरला गेले. हंगाम चालू आहे सध्या. बैलगाड्या गेल्या, आता दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, गाणी लावून येतात आणि अंगावरून गेल्यासारखे जातात. भवानीनगर जवळ आल्यावर तो गोड वास आला. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचे डोळे आता अधू झालेत, पण रंग तिला लांबूनच कळला असावा, कारण मी उतरायच्या आत ती उठून उभी राहिली.

तिनं हॅन्डलवरून हात फिरवला, मग दांडीवरून. काळ्या सीटपाशी हात थांबला. सीटच्या कडेनं, जिथं शिवण असते तिथं, तिची बोटं एकदा फिरली.

"मोरचुदी घावली न्हाय, व्हय?"

"न्हाय घावली काकू." माझ्या तोंडी आपोआप तिची बोली आली. "लई शोधली. बारामतीपर्यंत गेले. तसा रंगच मिळत न्हाय आता."

ती ओट्यावर परत जाऊन बसली, पदरातल्या शेंगा सारख्या केल्या, एक फोडली, दाणे सुपात टाकले. कारखान्याची काजळी उडत येऊन सुपात पडली, ती तिनं फुंकरीनं बाजूला केली.

"मी कवाच शोधली न्हाय बघ," ती म्हणाली. "पिंपळी काय लांब हाय? चालत गेली आसती. शोधली आसती तर घावली आसती."

कारखान्याचा भोंगा झाला. मग तिनं माझ्याकडं न बघता, खालच्या आवाजात विचारलं, "रंग ऱ्हायलाय का गं तिचा?"

"ऱ्हायलाय," मी म्हणाले.